१९७१ ची शेव्ही सी-१०: साध्या स्टेअरिंगवरून पॉवर स्टेअरिंगवर

४ जानेवारी २०२५, शनिवार. नोव्हाय, मिशिगन

आज एकही नट सैल केला नाही, फक्त मोजमाप घेतलं. काम संपल्यावर काय फरक पडला हे सांगायला हातात आकडे हवेत. "हलकं वाटतंय" याला काही अर्थ नाही.

गाडीची माहिती एकदा लिहून ठेवतो. शेव्हर्ले सी-१०, १९७१ चं मॉडेल, लांब हौद्याची, व्हीलबेस १२७ इंच. २५० घनइंचाचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन. चार स्पीडचा एसएम-४६५ गिअरबॉक्स, गिअरचा दांडा खाली फ्लोअरवर. पुढे डिस्क ब्रेक. हलक्या ट्रकना पुढे डिस्क देणं शेव्हर्लेने १९७१ पासूनच सुरू केलं, म्हणून हेच वर्ष शोधून घेतलं होतं. स्टेअरिंग मात्र साधं. टायर मूळचे अरुंद होते, आधीच्या मालकाने २३५ चे रुंद रेडियल घातले. दिसायला छान दिसतात, पण जमिनीला जेवढं रबर जास्त टेकतं तेवढं स्टेअरिंग जड होतं.

मोजायला आपला सामानाचा काटा काढला, इंडियाला जाताना बॅगा तोलतो तोच. त्याचा पट्टा स्टेअरिंगच्या कडेला उजव्या हाताला बांधला आणि सरळ खाली ओढला. कोरड्या काँक्रीटवर, गाडी उभी. चाक हलायला लागलं तेव्हा काट्यावर २१ किलो. पुन्हा केलं, २३. तिसऱ्यांदा २२. या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेपाच फेरे. मधोमध प्ले अडीच इंच, म्हणजे स्टेअरिंग एवढं हलवलं तरी चाकाला खबरच नाही.

बावीस किलो म्हणजे विमानात नेतो ती जवळजवळ भरलेली बॅग. दर वेळी पार्किंगला लावताना ती बॅग एका हाताने ओढायची, तीही पाच-सहा वेळा.

हा ट्रक खरं तर बायकोचा आहे. तिनेच तो शोधला, तिनेच घासाघीस केली. सामुदायिक बागेत तिचा वाफा आहे. कंपोस्ट, लाकडाचा भुसा, रोपांचे ट्रे, सगळं ती यातूनच आणायची. गेल्या वर्षी तिचा उजवा खांदा आखडला. फिजिओथेरपीने हात आता डोक्यापर्यंत जातो, पण हे स्टेअरिंग ओढलं की रात्री झोप नाही. गेले अकरा महिने चावी खुंटीला लटकून आहे. ती काही म्हणत नाही, पण बागेतली माती आता दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीतून येते आणि ते मला बघवत नाही.

११ जानेवारी, शनिवार

बाहेर उणे बारा. आज कागद, पेन्सिल आणि फोन.

तीन मार्ग होते. एक, डॅशखाली बसणारी इलेक्ट्रिक मोटर. बसवायला सोपी, पण कॉलमचं, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्याभोवतीच्या नळीचं, सगळं रूपडं बदलतं. दुसरा, नव्या गाडीचा रॅक, म्हणजे दातेरी पट्टीचं स्टेअरिंग बसवणं. त्यासाठी चेसीचा पुढचा भाग कापावा लागतो, तो मी कापणार नाही. तिसरा, याच गाडीला त्या काळी जादा पैसे भरून जो पॉवर बॉक्स मिळायचा तोच शोधून लावणं. सॅगिनॉ ८०० मालिकेचा बॉक्स, म्हणजे स्टेअरिंगचा फेरा तेलाच्या मदतीने चाकांच्या वळणात बदलणारी लोखंडी पेटी. १९६७ ते १९७२ च्या सी-१० ला तो जुन्या बॉक्सच्या जागी, चेसीच्या त्याच भोकांवर बसतो. सॅगिनॉ इथून दीड तासावर. ज्या गावात तो घडला त्याच गावाच्या नावाने तो ओळखला जातो. तिसराच मार्ग घ्यायचं ठरलं.

सकाळी महाडला बाबांना फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. बाबांनी तीस वर्षं एसटी चालवली, त्यातली निम्म्याहून जास्त वरंध घाटातून. त्यांचे खांदे अजून दाराच्या चौकटीसारखे आहेत. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आम्हाला पहिली पॉवरची गाडी मिळाली तेव्हा आगारात पेढे वाटले होते. पण पावसात घाटात गेलो आणि हाताला काही कळेचना. चाक चिखलावर आहे की डांबरावर, काही नाही. नुसतं पोकळ. हलकं कर रे, पण पोकळ करू नको."

हे वाक्य खडूने गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवलंय.

हलकं आणि पोकळ यांतला फरक बॉक्सच्या आत ठरतो. स्टेअरिंगचा दांडा आणि आतला वर्म (मळसूत्री दांडा) यांच्यामध्ये एक बारीक पोलादी सळई असते, टॉर्शन बार. आपण स्टेअरिंग फिरवलं की चाकं आधी अडतात आणि ही सळई किंचित पिळली जाते. तेवढ्या पिळाने भोवतालचा झडपेचा नळकांडा उघडतो आणि पंपाचं तेल पिस्टनच्या एका बाजूला दाबाने शिरतं. पिस्टन सरकतो, त्याचे दात सेक्टर शाफ्टला, म्हणजे बॉक्समधून खाली निघणाऱ्या दांड्याला फिरवतात. सळई जाड असेल तर झडप उघडायला हाताला थोडा जोर लावावा लागतो आणि रस्ता हातापर्यंत पोचतो. सळई बारीक असेल तर बोटाने स्टेअरिंग फिरतं, पण रस्ता तिथेच अडकतो. आणि एक चांगली गोष्ट: इंजिन बंद पडलं किंवा पट्टा तुटला तरी दांड्यापासून चाकापर्यंतची लोखंडी साखळी तशीच असते. जड होतं, पण गाडी वळते.

हे सगळं मुळात सुरू झालं तेही ट्रकवाल्यांच्या हातांमुळेच. फ्रान्सिस डेव्हिस हा पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागातला इंजिनिअर. जड गाड्या वळवताना ड्रायव्हरचे होणारे हाल त्याने रोज पाहिले होते. नोकरी सोडून त्याने मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थॅमला काम सुरू केलं आणि १९२६ मध्ये हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंगची गाडी चालवून दाखवली. जनरल मोटर्सने त्याच्याशी करार केला, पण मंदीच्या काळात खर्च जास्त म्हणून १९३४ मध्ये विषय सोडून दिला. बाजारातल्या मोटारीत ते आलं थेट १९५१ ला, क्रायसलर इंपीरियलमध्ये. पंचवीस वर्षं एक तयार गोष्ट पडून राहिली आणि तेवढी वर्षं लोक खांदे झिजवत राहिले. हे वाचल्यापासून डोक्यातून जात नाही.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

ऑफिसनंतर पार्टच्या दुकानातून अनामत भरून पिटमन आर्म काढायचा पुलर आणला. पिटमन आर्म म्हणजे सेक्टर शाफ्टच्या टोकाला बसणारा हात, तोच पुढे चाकं वळवतो. जुन्या बॉक्सच्या सगळ्या नटांवर गंज सोडवायचं तेल मारलं. आता शनिवारपर्यंत मुरू दे. तिळगूळ.

१८ जानेवारी, शनिवार

जुना बॉक्स निघाला. अख्खा दिवस गेला.

आधी स्टेअरिंग एका टोकाला नेऊन फेरे मोजत बरोबर मध्यावर आणलं, मध्यावर पांढऱ्या रंगाची खूण केली आणि दोरीने बांधून टाकलं. मग पिटमन आर्म. चोपन्न वर्षांचा जोड. पुलर लावून ताण दिला, तसाच ठेवून चहा पिऊन आलो, पुन्हा पाव फेरा, पुन्हा थांबलो. तिसऱ्या वेळी बंदुकीसारखा आवाज झाला आणि आर्म सुटला. इथे कुणी हातोडीने आर्मला ठोकू नये. तो ठोका सेक्टर शाफ्टमधून थेट आतल्या बेअरिंगवर बसतो. हा बॉक्स मला जपून ठेवायचा आहे. उद्या कुणाला ट्रक मूळ रूपात हवा असेल तर त्याला तो मिळाला पाहिजे.

सुटल्यावर सेक्टर शाफ्टचं बुश हाताने हलवून पाहिलं. टकटक हलतं. अडीच इंचाच्या प्लेमधला बराचसा इथलाच होता. बाकी उजव्या बाजूच्या आयडलर आर्ममध्ये, म्हणजे पिटमन आर्मच्या समोरच्या जोडीदार हातामध्ये. तोही बदलायचा. झिजलेल्या आयडलरवर पॉवर बॉक्स लावणं म्हणजे ढिल्या खुंटीला म्हैस बांधणं.

२५ जानेवारी, शनिवार

फ्लिंटजवळच्या जंकयार्डमध्ये. वारा एवढा की पान्याला बोटं चिकटत होती. तीन ओळी फिरल्यावर १९७२ ची एक सी-१० सापडली, व्ही-८ आणि ऑटोमॅटिक. हौदा गंजून खाली पडलेला, पण पुढचं सगळं शाबूत. पॉवर बॉक्स, त्याचा पिटमन आर्म आणि पंप काढले. पिटमन आर्म सोबतच घ्यावा लागतो, कारण पॉवर बॉक्सचा सेक्टर शाफ्ट जाड असतो, साध्याचा आर्म त्यावर चढत नाही.

दोन गोष्टी तिथे मिळणार नव्हत्या. पंपाचं ब्रॅकेट सहा सिलिंडरच्या इंजिनाला वेगळं असतं आणि क्रँकची पुलीही एका जास्तीच्या खाचेची लागते. व्ही-८ चं काही उपयोगाचं नाही. ही दोन्ही ऑनलाइन शोधतोय.

गाडीच्या वयाबद्दल एक सांगतो. साधारण १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून या बॉक्सची होज जोडायची तोंडं मेट्रिक झाली, ओ-रिंगची. त्याआधीची इंची, उलट्या फ्लेअरची, म्हणजे टोक पसरट केलेल्या नळीसाठीची. दोन्ही दिसायला सारखी आणि आटे निम्मे बसतातही, मग तिरके जातात. आधी कुठल्या वर्षाचा बॉक्स आहे ते पाहावं, मगच होज घ्यावेत.

१ फेब्रुवारी, शनिवार

बॉक्स टेबलावर. बाहेरून अर्धा इंच चिखल आणि तेलाची काळी साय. रॉकेलमध्ये भिजवून, तारेच्या ब्रशने घासून, वर्तमानपत्रावर ठेवला तेव्हा चिखलाखालची ओतकामावरची अक्षरं उमटून दिसली.

मी आतले बॉल आणि पिस्टन उघडणार नाही. दांडा दोन्ही बाजूंना फिरवला तर कुठेही खरखर नाही, अडत नाही. तेवढंच पुरेसं आहे. फक्त सील बदलायचे: वरच्या दांड्याचा आणि खाली सेक्टर शाफ्टचे दोन.

सेक्टर शाफ्ट बाहेर काढायचा तर आधी दांडा मधोमध आणावा लागतो. नाहीतर त्याचे दात बॉक्सच्या तोंडातून निघत नाहीत. मग बाजूच्या झाकणाचे चार बोल्ट सोडवायचे आणि मधला ॲडजस्टरचा स्क्रू आत फिरवत राहायचं. झाकण स्वतःहून वर उचललं जातं. हे पहिल्यांदा केलं तेव्हा एवढं बरं वाटलं! ज्याने हे आखलं त्याला उघडणाऱ्याची काळजी होती.

शाफ्ट हातात घेतला. मुठीएवढा दाताचा तुकडा, खाली मनगटाएवढा दांडा, टोकाला खाचा. दातांच्या मधल्या दातावर चमक जास्त, बाजूच्यांवर कमी. म्हणजे गाडी बहुतेक सरळ रस्त्यावर चालली. मिशिगनचे रस्ते आहेतच तसे. बेअरिंग जिथे फिरतं तिथे नखाने तपासलं. ओरखडा नाही.

खालून क्रम असा: सर्कलिप (खाचेत अडकणारी पोलादी कडी), वायसर, सील, वायसर, सील. कुठला सील कुठे, ओठ कुणीकडे, याचा काढतानाच फोटो घ्यावा. सर्कलिपची खाच गंजलेली होती. ती बारीक तारेने अर्धा तास साफ केली, नाहीतर सर्कलिप पूर्ण बसत नाही आणि दाब आला की बाहेर येते.

शाफ्ट परत घालताना खाचांवर टेप गुंडाळायची असते, म्हणजे धारदार दात नव्या सीलचा ओठ कापणार नाहीत. मी एक वेढा टेप लावला.

८ फेब्रुवारी, शनिवार

बॉक्स बसवण्याआधी चेसी तपासली. स्टेअरिंग बॉक्स जिथे चेसीला धरतो तिथे वर्षानुवर्षं पीळ येत असतो. पॉवर लावल्यावर तो आणखी वाढतो, कारण आता हातापेक्षा कितीतरी जास्त ताकद त्याच पत्र्यावर रेटते. ब्रशने धातू उघडा केला, तडा दाखवणारा लाल रंग मारला, पुसला, पांढरी पूड मारली. प्रत्येक भोकाभोवती भिंगाने पाहिलं. तडा असता तर पांढऱ्यावर लाल रेघ आली असती. नाही आली. मग गंजरोधक प्रायमर आणि काळा रंग.

संध्याकाळी बॉक्स चढवला. एकट्याने होत नाही. बायकोने डाव्या हाताने टॉर्च धरला आणि पहिला बोल्ट तिनेच आत सारला. भोकं तंतोतंत जुळली.

आता कॉलम. पॉवरचा बॉक्स जुन्यापेक्षा लांब, त्यामुळे त्याचा दांडा वर कॉलमच्या दिशेने जास्त येतो. म्हणजे स्टेअरिंगचा कॉलम आणि त्यातला दांडा दोन्ही आखूड करावे लागणार. माझी गाडी फ्लोअर गिअरची आहे म्हणून हे शक्य आहे. कॉलमवर गिअर असलेल्यांच्या कॉलमच्या तळाशी गिअरचे लिव्हर असतात, त्यांना असं कापून चालत नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

कॉलमचा दांडा बॉक्सच्या दांड्याला जोडणारा जोड आला आणि बसला नाही.

चूक माझी. बॉक्सच्या दांड्यावरचे दात मोजले, ३६. जुन्या साध्या बॉक्सचेही ३६. दोन्ही सारखे समजून पाऊण इंच, ३६ दातांचा युनिव्हर्सल जॉइंट मागवला. तोंडाला लागतो, आत जात नाही. अर्धा तास वाटत राहिलं की रंग किंवा गंज अडतोय. मग वर्निअर लावला. जुना दांडा १९.०५ मिलिमीटर, पाऊण इंच. पॉवर बॉक्सचा २०.६, म्हणजे तेरा सोळांश इंच. दात तेवढेच, दांडा जाड. दात मोजणं पुरेसं नाही, वर्निअर आधी लावायला हवा होता. दोन आठवडे गेले.

हातोडीने ठोकून बसवण्याचा विचारही करू नये. हा एकच जोड तुमच्या हाताला आणि चाकांना जोडतो.

१ मार्च, शनिवार

बरोबर जोड आला. आज कॉलम कापला.

कापण्याआधी तीन वेळा मोजलं: एकदा मी, एकदा बायकोने, एकदा पुठ्ठ्याची नळी कापून ती जागेवर लावून. पुठ्ठ्याच्या नळीने सगळ्यात जास्त धीर दिला. बाहेरची नळी करवतीने, चिकटपट्टीचा वेढा मारून त्याच्या कडेने, म्हणजे काप सरळ येतो. खालचं बेअरिंग काढून कापलेल्या तोंडात परत बसवलं.

मग आतला दांडा. त्याच्या टोकाला समोरासमोरच्या दोन बाजू सपाट करायच्या असतात, उरलेल्या दोन गोल राहतात. याला 'डबल डी' म्हणतात. जोडाच्या आतही तसंच सपाट असतं, त्यामुळे दांडा त्यात फिरू शकत नाही. ग्राइंडरने पाच मिनिटांत झालं असतं, पण पोलाद तापून निळं पडतं. कानस घेतली. दांडा व्हाइसमध्ये, खाली जुनं बेडशीट, आणि कानस सरळ पुढे, परत येताना उचलून. लोखंडाचा कीस करड्या पिठीसारखा पडत होता. दर वीस हातांनी वर्निअर, दोन्ही बाजू मध्यापासून सारख्या आहेत ना ते पाहायचं. दोन तास चाळीस मिनिटं. शेवटी जोड अंगठ्याच्या दाबाने सरकला आणि जागच्या जागी थांबला, हलला नाही.

सेट स्क्रू जिथे टेकतो तिथे दांड्यावर ड्रिलने उथळ खळगा केला, स्क्रूचं टोक त्यात बसतं. वर लॉकनट. कुठेही वेल्डिंग नाही. स्टेअरिंगच्या दांड्यावर वेल्डिंग करायला त्या कामात तरबेज माणूस लागतो आणि मी तो नाही.

८ मार्च, शनिवार

पंप, ब्रॅकेट, पुली. क्रँकची पुली ओहायोहून आली, ब्रॅकेट टेक्सासहून. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का ते अॅल्युमिनियमच्या पट्टीने पाहिलं. पंप दीड मिलिमीटर बाहेर होता, ब्रॅकेटमागे वायसर घालून जुळवला. पट्टा बसला.

१५ मार्च, शनिवार

होज जोडले. दाबाचा आणि परतीचा. दाबाचा होज एक्झॉस्टपासून चार बोटं लांब ठेवला आणि चाक दोन्ही टोकांना नेऊन कुठे घासत नाही ना पाहिलं. नवीन आयडलर आर्मही बसला.

२२ मार्च, शनिवार

तेल भरलं. पुढची चाकं जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग या टोकाला त्या टोकाला पंचवीस वेळा. हवा बुडबुड्यांनी वर येते. तेल दुधाळ दिसत असेल तर हवा अजून आहे. घाई केली तर पंप कण्हतो. पंचवीसनंतर थांबलो, एक तास तसंच ठेवलं, तेल स्वच्छ झालं. मग इंजिन.

सुरू झालं, आवाज नाही, पट्टा ओरडला नाही. स्टेअरिंग फिरवलं आणि हाताला विश्वासच बसेना. इतके महिने खुंटीवर लटकलेली ती चावी आठवली.

मग खाली वाकलो. बॉक्सखाली ठेवलेल्या पुठ्ठ्यावर लाल थेंब. पुसला. एका मिनिटात दुसरा. सेक्टर शाफ्टच्या सीलमधून.

२३ मार्च, रविवार

पिटमन आर्म पुन्हा काढला, सर्कलिप काढली, सील बाहेर. ओठावर केसाएवढा काप, अगदी सरळ. टेपचा एकच वेढा घेतला होता, एका खाचेच्या दाताने तो फाडला. आज चार वेढे, वर ग्रीस. दुसरा सील घातला, आर्मचा नट १८५ फूट-पौंडाला कसला. रात्रभर नवा पुठ्ठा खाली.

२४ मार्च, सोमवार

पुठ्ठा कोरडा.

३० मार्च, रविवार, पाडवा

रस्त्यावर अजून मीठ आहे. इथे हिवाळाभर बर्फ वितळवायला मीठ टाकतात आणि पावसाने ते वाहून जाईपर्यंत जुनी गाडी बाहेर काढायची नाही. म्हणून आज ड्राइव्हवेपुरतंच. दाराशी गुढी उभारली, ट्रकच्या बॉनेटला झेंडूचा हार, चाकांखाली लिंबू.

बायको बसली. तिने इंजिन सुरू केलं आणि मागे घेऊन गॅरेजमध्ये सरळ लावली. एका हाताने, डाव्या. मग उतरली नाही, पुन्हा बाहेर काढली आणि पुन्हा आत लावली. असं चार वेळा. मी काही विचारलं नाही.

काटा लावला. उभ्या गाडीवर, त्याच काँक्रीटवर: ३ किलो. फेरे साडेपाचाऐवजी चार. टोकाला नेल्यावर इंजिन दबतं, आयडल थोडं वाढवलं. टोकाला धरून ठेवायचं नाही. तिथे तेल सगळ्यात जास्त दाबाने कोंडतं आणि तापतं.

बाबांना व्हिडिओवर दाखवलं. म्हणाले, "उभ्या गाडीचं स्टेअरिंग फिरवू नका. हलकं झालं म्हणून काय झालं? चाक जरा हलू दे, मग वळव. टायर आणि सांधे तुझेच झिजतात." बायकोने मान डोलावली. "बाबा, आता तसंच करते."

१९ एप्रिल, शनिवार

तीन दिवस पाऊस पडला, रस्ते धुतले गेले. सकाळी अलाइनमेंट.

इथे थोडं थांबून लिहितो, कारण पोकळपणाचा दुसरा अर्धा भाग इथे आहे. साध्या स्टेअरिंगच्या गाड्यांना कॅस्टर कमी ठेवतात. कॅस्टर म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं तो अक्ष मागे किती कललेला आहे. सायकलचा पुढचा चिमटा कललेला असतो, तसंच. तो कल जास्त असेल तर वळल्यानंतर स्टेअरिंग स्वतःहून सरळ येतं, आणि हायवेला गाडी नाकासमोर चालते. पण साध्या स्टेअरिंगला जास्त कल दिला तर ते आणखी जड होतं, म्हणून कंपनी कमी द्यायची. आता तेल मदतीला आहे, कल वाढवता येतो. पॉवर बसवून कॅस्टर जुनाच ठेवला की लोकांना गाडी हायवेला तरंगते असं वाटतं, आणि मग ते बॉक्सला दोष देतात. अलाइनमेंटवाल्याला स्पष्ट सांगितलं: दोन्ही बाजूंना तीन अंश. त्याने चाक धरणाऱ्या वरच्या कंट्रोल आर्मचे शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) बदलून डावीकडे २.९, उजवीकडे ३.१ आणलं.

मग ग्रँड रिव्हर ॲव्हेन्यूवरून हॉवेलपर्यंत. ताशी ५५ मैलाला हात सैल सोडला. सरळ. वळणानंतर स्टेअरिंग तळहातातून घसरत आपोआप मध्ये आलं. हॉवेलच्या अलीकडे दुरुस्तीचा खडबडीत पट्टा आला आणि तो हाताला लागला, मंद, पण लागला.

१७ मे, शनिवार

बाबा मंगळवारी आले. आज बागेत नेलं. बागेची स्वतःची मातीची वाट आहे, पाव मैलाची, कुणाची ये-जा नाही. तिथे त्यांच्या हातात चावी दिली.

त्यांनी आधी गाडीभोवती एक फेरी मारली, प्रत्येक टायरला बुटाने हलकं ठोकलं, आगारातली सवय. बसले. डावीकडच्या स्टेअरिंगला पहिल्यांदाच बसले होते. गाडी हलू दिली आणि मग वळवली. वाटेच्या शेवटी वळण घेऊन परत आले. मी बाजूला, बायको मागे हौद्यात कंपोस्टच्या गोण्यांशेजारी उभी होती, ती खाली उतरली.

बाबा थांबले, पण इंजिन बंद केलं नाही. स्टेअरिंग धरून बसले होते. मग म्हणाले, "पुढच्या डाव्या चाकात हवा कमी आहे का बघ. किंचित तिकडे ओढतंय."

अलाइनमेंट ठीक होती. मला काही जाणवलं नव्हतं. गेज लावला. उजव्या चाकात ३५. डाव्यात २९.

बाबा उतरले, बायकोला म्हणाले, "चांगलं झालंय हं. बस." ती गाडी चालवत आम्हाला घरी घेऊन आली.

७ जून, शनिवार

५०० मैल झाले. बॉक्सचे चेसीचे बोल्ट, पिटमन नट, जोडाचे सेट स्क्रू पुन्हा तपासले, एक सेट स्क्रू पाव फेरा कसला गेला. पट्टा थोडा ताणला, नवा पट्टा सैल होतोच. सील कोरडे. तेलाची पातळी तीच.

पुढचं डावं चाक पुन्हा ३० वर. टायर काढून पाण्यात फिरवला. बाहेरच्या कडेच्या खाचेत एक बारीक खिळा, डोकं झिजून गेलेला. काढला, प्लग मारला. बायको अकरा वाजता कंपोस्ट आणायला गेली, बाबा शेजारी.